माहिष्मती : नर्मदेच्या उतारावरची राजधानी

गोदावरीच्या काठी आश्रम करून राहिलेल्या बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाच्या दारी एक याचक आला. बावरीने नुकतेच सारे काही दान करून टाकले होते, द्यायला हाती काही उरले नव्हते. चिडलेल्या याचकाने शाप दिला : सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. या शापाचा उलगडा करू शकेल असा एकच पुरुष उत्तरेत आहे, असे कळल्यावर बावरीने आपले सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीला धाडले. ‘सुत्तनिपात’ या प्राचीन पाली ग्रंथातली ही कथा. तिच्यात शिष्यांच्या वाटेवरची गावे क्रमाने दिली आहेत. आधी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. मग माहिष्मती. मग उज्जयिनी. पुढे विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती असे टप्पे घेत ही मंडळी मगधात पोचतात.

नकाशा समोर ठेवून ही यादी वाचली की पहिल्या तीन नावांत एक गंमत दिसते. पैठण, माहिष्मती मानले जाणारे नर्मदेकाठचे महेश्वर आणि उज्जैन ही तिन्ही गावे जवळजवळ एका उभ्या रेघेवर आहेत. पैठणहून सरळ उत्तरेला निघालेला माणूस अजिंठ्याचे डोंगर उतरतो, तापीचे खोरे ओलांडतो, सातपुड्यातून निमाडात उतरतो आणि नर्मदेवर येऊन थांबतो. समोर विंध्याची भिंत, ती चढली की माळवा. पैठण ते महेश्वर हे सरळ रेषेतले अंतर तीनशे किलोमीटर. एवढ्या पट्ट्यात यादीकाराला नाव घेण्याजोगे दुसरे गाव वाटले नाही. दख्खन आणि उत्तर हिंदुस्थान यांच्यामध्ये त्याच्या दृष्टीने एकच मुक्काम होता, माहिष्मती.

आज हे नाव घराघरांत पोचले आहे ते वेगळ्याच वाटेने. एस. एस. राजामौली यांच्या ‘बाहुबली’ने २०१५ आणि २०१७ मध्ये पडद्यावर जी माहिष्मती उभी केली, तिचे महाल आणि पुतळे हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत रचले होते. बाकीचे काम संगणकाने केले. त्या चित्रपटातली राजधानी अवघड जागी आहे. आकाशातून कोसळणारा धबधबा चढून गेल्याशिवाय नायकाला तिच्या राज्यात पाऊल ठेवता येत नाही. कल्पनेतल्या राजधान्या बहुधा अशाच असतात. उंच, तटबंद, जगापासून तुटलेल्या. खऱ्या माहिष्मतीची गोष्ट बरोबर उलटी आहे. तिथे पोचणे सोपे होते आणि तिला टाळून पुढे जाणे कठीण. तिचे सगळे मोठेपण या एका गोष्टीतून आले.

नदी जी वाट होत नाही

गंगा-यमुनेच्या काठची शहरे नदीच्या अंगाने वाढली. माल नावेत घालायचा आणि प्रवाहाबरोबर सोडायचा. नर्मदा असे करू देत नाही. तिचा बराचसा प्रवास खडकांतून, उड्या घेत होतो. महेश्वरच्या थोडे खाली सहस्रधारा म्हणून जागा आहे. तिथे काळ्या खडकांत प्रवाह असंख्य फाट्यांत फुटतो आणि नाव पुढे जाऊ शकत नाही. भडोचच्या बंदरातून निघालेले गलबत माळव्याच्या पायथ्याशी येईल, असा या नदीचा स्वभाव नाही. ‘पेरिप्लस’ हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो की पैठणचा माल भडोचला वीस दिवसांच्या वाटेने येई. तो खुष्कीच्या मार्गाने येई, ओबडधोबड रस्त्यांवरून, गाड्यांत भरून.

म्हणजे नर्मदा ही वाट नव्हती, वाटेतला अडथळा होता. अशा नदीवर गाव वसते ते ती ओलांडता येईल त्या जागी. आपल्या जुन्या कागदपत्रांत अशा जागेला ‘उतार’ म्हणतात. महेश्वरपाशी पात्र रुंद आहे, पाणी संथ आहे, दोन्ही काठ चढाउतरायला सोयीचे आहेत. उत्तर काठावर महेश्वर, आणि नेमके त्याच्यासमोर दक्षिण काठावर नावडाटोली, नावाड्यांची वस्ती. नदीच्या एका बाजूला राजाचे गाव आणि दुसऱ्या बाजूला होडी चालवणाऱ्याचे, ही मांडणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. या दोहोंत जुने कोण, याचा निकाल पुढे कुदळ-फावड्यांनी लावला.

अग्नी राखणदार

पुराणकथांकडे पाहिले तर तिथेही माहिष्मती वाटेवरच भेटते. महाभारताच्या सभापर्वात राजसूय यज्ञासाठी चार पांडव चार दिशांना जातात. दक्षिण दिशा सहदेवाची. दक्षिणेत उतरायचे तर नर्मदा ओलांडली पाहिजे, आणि नर्मदेवर माहिष्मतीचा नील राजा बसलेला. युद्ध जुंपते, आणि अचानक सहदेवाचे रथ, हत्ती, घोडे, कवचे घातलेले सैनिक सारेच पेटू लागते. स्वतः अग्नीच शत्रूच्या बाजूने लढत असतो. यज्ञासाठी निघालेल्या माणसाला अग्नीनेच का अडवावे, असा प्रश्न कथा ऐकणारा जनमेजय विचारतो आणि ती सांगणारा वैशंपायन मागची हकीकत उलगडतो.

नीलाची मुलगी अतिशय देखणी होती. राजाच्या घरचा अग्नी तिने फुंकर घातल्याखेरीज पेटत नसे. तिच्यावर मोहित झालेला अग्नी ब्राह्मणाच्या रूपात तिला भेटू लागला. राजाने त्याला पकडून नियमाप्रमाणे शासन करायचे ठरवले, तेव्हा तो भडकून मूळ रूपात उभा राहिला. नीलाने नमते घेऊन मुलगी त्याला दिली. बदल्यात अग्नीने नगराला अभय दिले आणि तिथल्या स्त्रियांना स्वैर वागण्याची मोकळीक दिली. तेव्हापासून, वैशंपायन म्हणतो, हे ठाऊक असलेले राजे त्या नगराच्या वाटेला जात नाहीत. सहदेव शहाणा निघाला. दर्भ पसरून तो सैन्यासमोर बसला आणि त्याने अग्नीची स्तुती केली. अग्नी प्रसन्न झाला, नीलाने करभार दिला, सहदेव दक्षिणेकडे निघून गेला. त्याने नगर जिंकले नाही की लुटले नाही. तडजोड झाली आणि वाट मोकळी झाली.

ही कथा रचणाऱ्याला राजकारण कळत होते. उतार राखणाऱ्या गावाशी लढून फायदा नसतो. तिथला राजा मारला तरी परत येताना तीच नदी असते आणि त्याच नावा लागतात. म्हणून शेवटी जकात देऊन किंवा खंडणी घेऊन दोन्ही पक्ष मोकळे होतात. स्त्रियांच्या मोकळिकीचा उल्लेखही ध्यानात ठेवावा. चहूकडच्या वाटसरूंनी गजबजलेल्या नाक्यावरच्या गावाबद्दल दूरच्या पंडितांना जे वाटत आले आहे, तेच इथे देवाच्या वराच्या रूपात आले असावे.

माहिष्मतीचा दुसरा, अधिक प्रसिद्ध राजा म्हणजे हैहय कुळातला कार्तवीर्य, सहस्रार्जुन. त्याने जमदग्नीच्या आश्रमावर हात टाकला आणि परशुरामाने त्याचे हजार बाहू तोडले, ही गोष्ट कोकणात मुलांनाही ठाऊक असते. रामायणाच्या उत्तरकांडातली हकीकत त्याहून मजेची आहे. रावण माहिष्मतीवर चालून येतो. राजा घरी नाही, स्त्रियांसह नदीत जलक्रीडेला गेला आहे, असे त्याला कळते. रावण नर्मदेत स्नान करतो आणि वाळूत सोन्याचे शिवलिंग मांडून फुलांनी पूजा करतो. इतक्यात पाणी उलटे वाहू लागते आणि फुले वाहून जातात. शुक-सारण या मंत्र्यांना पाहायला पाठवले तर ते सांगत येतात की एक माणूस हजार बाहूंनी नदी अडवून उभा आहे. पुढे युद्धात रावणच कैद होतो, आणि आजोबा पुलस्त्य सोडवायला येईपर्यंत माहिष्मतीत अडकून पडतो. महेश्वरचे लोक आजही सहस्रधारेचे फुटलेले प्रवाह त्या हजार बाहूंच्या फटींतून निसटलेले पाणी म्हणून दाखवतात. गावात सहस्रार्जुनाचे राजराजेश्वर मंदिर आहे. तिथे तुपाचे अकरा नंदादीप अखंड तेवत ठेवतात.

पंडितांचे शहर, कारकुनांचे शहर

कथांच्या शेजारीच माहिष्मतीचे कोरडे, कामकाजी उल्लेखही आहेत, आणि इतिहासाला ते जास्त उपयोगी पडतात. ‘दीघनिकाया’त सात राज्ये आणि त्यांच्या सात राजधान्यांची यादी येते. तिथे अवंतीची राजधानी म्हणून उज्जयिनीचे नाव नाही, माहिष्मतीचे आहे. एका राज्याला दोन राजधान्या कशा, या प्रश्नाला दे. रा. भांडारकरांनी उत्तर सुचवले : अवंतीचे दोन भाग होते, उत्तरेचा उज्जयिनीतून चाले आणि विंध्याखालचा माहिष्मतीतून.

या दोन शहरांचे नाते पतंजलीच्या ‘महाभाष्या’तही आहे. व्याकरणातला एक प्रयोग समजावताना तो उदाहरण घेतो ते उज्जयिनीहून निघून माहिष्मतीत सूर्योदय गाठणाऱ्या माणसाचे. अंतर सरळ रेषेतही शंभर किलोमीटरच्या वर, मध्ये विंध्याचा उतरंडीचा घाट. एका रात्रीत ते तोडणे हे आश्चर्यच, आणि उदाहरणातली खुमारी त्या आश्चर्यातच आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या व्याकरणकाराला असे उदाहरण सहज सुचते, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही गावांमधले अंतर सांगावे लागत नाही, यावरून ती वाट किती रुळलेली होती ते कळते.

माहिष्मतीच्या आसपासच्या मुलखाला अनूप म्हणत. या अनूपाचे नाव आपल्या नाशिकच्या लेणीत कोरलेले आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या दिवंगत मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा गौरव कोरवून घेतला. तो ज्या देशांचा स्वामी होता त्यांत अश्मक, मूळक, अपरांत, विदर्भ यांच्याबरोबर अनूपही आहे. पुढे इसवी सन १५० च्या सुमारास क्षत्रप रुद्रदामनाने गिरनारच्या खडकावर आपल्या ताब्यातले देश मोजले, आणि तिथेही अनूप आहे. सातवाहन दक्षिणेतून वर सरकले आणि क्षत्रप उत्तरेतून खाली, तेव्हा दोघांच्याही यादीत हा नदीकाठचा चिंचोळा मुलूख आलाच. त्याच्याशिवाय पलीकडच्या मुलखावरचा हक्क कागदावरच राहिला असता.

कालिदासाने ‘रघुवंशा’त इंदुमतीच्या स्वयंवराला अनूपाचा राजा आणून बसवला आहे. त्याची ओळख करून देताना प्रतिहारी सुनंदा इंदुमतीला सुचवते की माहिष्मतीच्या तटाला मेखलेसारखी वेढणारी रेवा, म्हणजे नर्मदा, महालाच्या खिडकीतून पाहायची असेल तर याला वर. इंदुमती पुढे जाते, पण कवीच्या या एका ओळखीने पुढच्या काळातल्या विद्वानांना मोठ्या वादात पाडले.

गुप्तकाळाच्या सुमारास महाराज सुबंधूने माहिष्मतीतून दिलेली दानपत्रे बडवानी आणि बाघ इथे सापडली. बाघचे दान तिथल्या लेण्यांतल्या बौद्ध विहारासाठी होते. बडवानीच्या ताम्रपटावर १६७ हे वर्ष आहे. ते गुप्त संवताचे मानले तर इसवी सन ४८६ येते, कलचुरी संवताचे मानले तर ४१७. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी कलचुरी संवताच्या बाजूचे. सहाव्या शतकातल्या आरंभीच्या कलचुरी राजांचे मूळ ठाणेही माहिष्मतीच होते, असे मिराशींचे मत. त्या घराण्यातल्या कृष्णराजाची चांदीची नाणी नाशिक आणि मुंबई परिसरात सापडली आहेत. नर्मदेवरची सत्ता सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पोचली होती, याची ही रोकड साक्ष.

कलचुरींना बदामीच्या चालुक्यांनी हटवले. पण नगराच्या नावाचा दबदबा सत्तेनंतरही टिकला. पुढे कर्नाटकातले काही हैहय सामंत स्वतःला माहिष्मतीपुराचे अधीश्वर म्हणवून घेत. नर्मदेपासून शेकडो कोस दूर, ते शहर डोळ्यांनी न पाहताही. आद्य शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद परंपरेने माहिष्मतीतच घडवला. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीला पंच म्हणून बसवले. नर्मदेकाठचे मंडलेश्वर त्या वादाची जागा आपली म्हणते आणि बिहारातले महिषीही. एव्हाना माहिष्मती हे जागेचे नाव कमी आणि मानाचे नाव अधिक झाले होते.

कोणती माहिष्मती?

त्यामुळे एकोणिसाव्या शतकात शोध सुरू झाला तेव्हा दावेदार पुष्कळ निघाले. कनिंगहॅमने मंडल्याकडे बोट दाखवले. लुइस राइसने तर थेट म्हैसूर सुचवले. खरी चुरस मात्र महेश्वर आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटर वरच्या अंगाला असलेले मांधाता, म्हणजे ओंकारेश्वरचे बेट, यांच्यात लागली. पार्गिटर आणि फ्लीट हे दोघे मोठे संशोधक मांधात्याच्या बाजूचे. तटाला वेढणारी रेवा हे कालिदासाचे वर्णन बेटाला चपखल बसते. परमार राजा देवपालाचा १२२५ सालचा ताम्रपट मांधात्यातच सापडला आणि त्यात राजाचा मुक्काम माहिष्मतीत असल्याचे नमूद आहे. पतंजलीच्या प्रवाशाचाही काही उपयोग नव्हता, कारण उज्जैनहून दोन्ही जागा सारख्याच दूर आहेत.

पण बेट हे तीर्थाला शोभते. सैन्य, बैल आणि गाड्यांच्या तांड्याला खडकाळ बेटावर चढून काय करायचे? पैठण ते उज्जयिनी या वाटेवरचे ठिकाण हवे असेल, आणि शेकडो वर्षांच्या वस्तीचे थर हवे असतील, तर महेश्वरच पाहायला हवे होते. १९५२-५३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया, शां. भा. देव आणि बडोद्याचे बी. सुब्बाराव यांनी दोन्ही काठांवर उत्खनन सुरू केले. पुराणांतल्या माहिष्मतीचे काही हाती लागते का, हे कुतूहल त्यांच्या मनात होतेच. नदीपलीकडच्या काठावरही त्यांनी लक्ष दिले, हे महत्त्वाचे. तिथून जवळच्या कसरावद इथे होळकर संस्थानाच्या काळात द. बा. डिस्कळकरांनी खोदून स्तूपांचे अवशेष आणि ब्राह्मी अक्षरे कोरलेली भांडी काढली होती.

उत्तर काठावर, महेश्वरात, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांतले गाव मिळाले. लोखंडाच्या वस्तू, ठसे मारलेली नाणी आणि आरशासारखी चकाकणारी काळी ‘उत्तरी’ भांडी निघाली. गंगेच्या खोऱ्यातली ही महागडी भांडी नर्मदेकाठी आली ती त्याच वाटेने, ज्या वाटेने बावरीचे शिष्य गेले. मात्र रावणाला कोंडावे असा महाल किंवा हजार खांबांचा दरबार काही हाती लागला नाही.

खरे नवल दक्षिण काठावर होते. १९५७ ते १९५९ मध्ये सांकलिया, देव आणि झैनुद्दीन अन्सारी पुन्हा नावडाटोलीला गेले आणि तिथे ताम्रपाषाण युगातले आख्खे खेडेच उलगडत गेले. काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातला, म्हणजे बुद्धाच्याही कित्येक शतके आधीचा. कुडाच्या भिंतींना माती लिंपलेली गोल आणि चौकोनी घरे, चुन्याने सारवलेल्या जमिनी, धान्याचे रांजण. लालसर आणि पांढुरक्या अंगावर काळ्या रंगात नक्षी काढलेली माळवा पद्धतीची भांडी ढिगांनी निघाली. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि गळ होते, पण रोजच्या कापाकापीला गारगोटीची बारीक पातीच वापरत. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून त्यांचे जेवणही कळले. सुरुवातीला मुख्यतः गहू, पुढे तांदूळ, मसूर, मूग, वाटाणा, लाख, जवसाचे तेल, आणि रानातली बोरे व आवळे. पुढच्या काळात आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून ओळखली जाणारी भांडीही या खेड्यात येऊ लागली. दख्खन आणि माळवा यांची नर्मदेवर गाठ पडत होती, आणि तीही राजधानी, राजा किंवा माहिष्मती हे नाव यांपैकी काही असण्याच्या आधी. नळीसारखी तोटी असलेल्या काही वाडग्यांमुळे सांकलियांना इराणपर्यंतचे नाते दिसले. त्यावर पुढे मतभेद झाले. पण वस्ती जुनी होती ती दक्षिणेच्या, होड्यांच्या काठाला, यावर वाद उरला नाही.

उत्खननाने अशी राजधानीची गोष्ट उलटी केली. राजाने नगर वसवले आणि मग घाट बांधला, असे झाले नाही. नदी ओलांडायच्या जागी आधी शेतकरी आणि कोळी राहिले, मग व्यापारी थांबू लागले, मग भिक्षू, आणि या सगळ्यांकडून जकात घ्यायला शेवटी राजा आला.

पुन्हा एकदा राजधानी

अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात जाऊ लागल्या तेव्हा नर्मदेचे उतार पुन्हा राजकारणाच्या केंद्रात आले. नर्मदा ओलांडली म्हणजे स्वारी खरी सुरू झाली, असा त्या काळचा हिशेब. १७४० च्या आरंभी थोरल्या बाजीरावाने निजामाचा मुलगा नासिरजंग याला नमवले आणि हंडिया व खरगोण हे परगणे मिळवले. त्यांची व्यवस्था लावायला तो नर्मदेवर आला. २८ एप्रिल १७४० रोजी त्याचा मृत्यू झाला तो रावेरखेडीला, महेश्वर आणि ओंकारेश्वर यांच्या मधल्या अशाच एका उतारावर.

मल्हारराव होळकरांच्या मागे, आणि त्यांचा नातू मालेराव १७६७ मध्ये गेल्यावर, कारभार अहिल्याबाईंच्या हाती आला. इंदूर सोडून त्यांनी महेश्वर हे राहण्याचे आणि राज्य चालवण्याचे ठिकाण केले. ते १७९५ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत. धर्मनिष्ठ बाईंना नर्मदेचा काठ हवा होता हे तर खरेच. पण जागेचा व्यवहारही दिसतो. पुण्याहून येणारी डाक, उत्तरेकडे जाणारी फौज, काशीयात्रेला निघालेले दक्षिणी यात्रेकरू, साऱ्यांना नर्मदा ओलांडायचीच होती. महेश्वरात बसलेल्या राज्यकर्तीला बातमीसाठी फार दूर माणसे धाडावी लागत नसत. द. ब. पारसनीसांनी छापलेली ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ पाहिली की पेशव्यांनाही त्या दरबाराची खबर नित्य लागत असे, हे लक्षात येते. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी महेश्वरला गेले, आणि बाईंच्या सांगण्यावरून फड सोडून कीर्तनाला लागले, अशी परंपरा आहे. मराठी मुलखातल्या शाहिरालाही महेश्वर लांब वाटत नव्हते.

बाईंनी घाट बांधले, देवळे बांधली आणि विणकर आणून वसवले. निमाड कापसाचा मुलूख. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त उत्तम सुती कापडांच्या यादीत ‘माहिषक’ आहे आणि काही अभ्यासक ते याच प्रदेशाचे मानतात. तो धागा थेट महेश्वरी साडीपर्यंत ओढून आणणे धाडसाचे होईल, पण कापूस, घाट आणि गिऱ्हाईक यांची सांगड इथे दोनदा पडली, हे खरे. विंध्य चढणाऱ्या वाटेवर जाम इथे अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा आजही उभा आहे. महेश्वर आणि माळव्याचे पठार जोडणारी वाट तिथून जात असे.

राजधानी संपली कशाने

नगरे शत्रूच्या हल्ल्याने, आगीने, पुराने संपतात, असे आपण धरून चालतो. माहिष्मतीने चालुक्यांचा विजय पचवला, परमार आणि सुलतानांची सत्ता पाहिली, मध्ये शतकानुशतके विस्मृतीत राहिली आणि तरी अहिल्याबाईंच्या काळात पुन्हा राजधानी झाली. कारण उतार जागेवर होता. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची गादी इंदूरला स्थिर झाली, तेव्हाही महेश्वरचे महत्त्व कमी झाले, पण वाट चालू राहिली.

वाट बदलली ती लोखंडाने. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा ते इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. १८७० च्या दशकात तो मार्ग झाला आणि गाडीने नर्मदा ओलांडली ती मोरटक्क्याला, ओंकारेश्वरच्या शेजारी. पुढे मुंबई-आग्रा रस्त्याचा पूल खलघाटला, महेश्वरच्या खालच्या अंगाला झाला. दोन्ही पुलांच्या मध्ये महेश्वर बाजूला पडले. ज्या घराण्याने माहिष्मतीला दुसऱ्यांदा राजधानी केले, त्याच घराण्याच्या पैशाने तिची वाट हलली. आणि पार्गिटर व फ्लीट विसाव्या शतकाच्या आरंभी मांधात्याची बाजू मांडत होते, तेव्हा दक्षिणेतून माळव्यात जाणारी गाडी मांधात्याजवळूनच नदी पार करत होती, हाही एक योगायोगच.

बाजूला पडण्याचा एक फायदा झाला. घाट टिकले, वाडा टिकला, आणि १९७० च्या दशकाअखेरीस होळकर घराण्यातल्याच मंडळींनी मागांना पुन्हा चालना दिली तेव्हा विणकरांची घरे गावात होती. आज माहिष्मतीच्या शोधात येणारा पर्यटक महाल शोधत हिंडतो, कारण पडद्याने त्याला तेच शिकवले आहे. त्याने घाटावर होडी ठरवावी आणि समोरच्या नावडाटोलीला जावे. हजारो वर्षे या शहराचा धंदा एवढाच होता, माणसांना अलीकडून पलीकडे पोचवण्याचा. राजे त्या धंद्यावर जगले आणि कवींनी त्याला तट चढवले. तो धंदा पुलांनी नेला, त्या दिवसापासून माहिष्मतीला पुन्हा राजधानी होण्याचे कारण उरले नाही. तोवर तिला कोणत्याही शत्रूने संपवले नव्हते.